धूर, अग्नि आणि कुत्रीची गांठ

आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्या लिहितात कीं, त्यांची पॉमेरेनियन कुत्री नऊ वर्षांची झाली असून तिच्या पोटाच्या मागील भागांत, सडाच्या बाजूस, हरभऱ्याएवढी कठीण गांठ हाताला लागते. कुत्रीचें खाणेंपिणें यथास्थित आहे. ती बागडते, भुंकते, दारावरच्या माणसास ओळखते. "हल्लीं रक्ताच्या चार थेंबांवरून कर्करोग ओळखतां येतो असें वाचनांत येतें. तर मग तिला शस्त्राखालीं घालण्यापूर्वीं रक्ताची परीक्षाच करून घ्यावी, व ती निर्दोष आल्यास गांठीस हात लावूं नये, असें आमच्या घरांत चाललें आहे. आपलें मत काय?" असा त्यांचा प्रश्न आहे. मासिक महिन्यानें निघतें व गांठ महिनाभर थांबत नाहीं, म्हणून "आजच पशुवैद्यास दाखवावी" एवढें उत्तर आम्हीं त्यांस पत्रानें तत्काळ धाडलें. परंतु रक्तपरीक्षेवर विसंबण्याचा हा विचार आज इतरही घरांत चालला असावा असें वाटल्यावरून त्याचा ऊहापोह येथें करीत आहों.

कुत्रें घराबाहेरचें होतें तोंवर हा प्रश्न उद्भवतच नव्हता. आमच्या आजीच्या वेळीं वैश्वदेव आटोपला कीं श्वानबलीचा घांस अंगणांत ठेवला जाई, आणि तेवढाच कुत्र्याचा व घराचा संबंध असे. अंगणांतलें कुत्रें चार-पांच वर्षांत गाडीखालीं, रोगानें किंवा मारामारींत मरे. त्याला म्हातारपण क्वचितच येई. आतां तेंच कुत्रें कोचावर बसतें, त्यास लसी टोंचल्या जातात, वजन पाहून अन्न घातलें जातें, आणि तें बारा-चौदा वर्षें जगतें. कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा रोग होय. तेव्हां कुत्र्याचें आयुष्य आपण वाढविलें त्याबरोबर हा रोगही आपणच घरांत आणला, असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं.

कुत्रीस स्तनग्रंथींच्या सामान्यतः पांच जोड्या असतात. छातीपासून जांघेपर्यंत त्या दोन ओळींनीं पसरलेल्या असतात. गांठी होतात त्या बहुधा मागील दोन जोड्यांत. ज्या माद्यांचीं अंडाशयें काढलेलीं नसतात त्यांच्यामध्यें जेवढे म्हणून अर्बुदांचे प्रकार आढळतात त्यांत स्तनांतील अर्बुदांचा क्रमांक पहिला लागतो. स्वीडन देशांत पाळीव कुत्र्यांचा विमा उतरण्याची चाल पुष्कळ पसरलेली आहे, आणि माद्यांचीं अंडाशयें सरसकट काढण्याची रूढि तेथें नव्हती. त्यामुळें तेथील विम्याचीं दप्तरें म्हणजे ह्या रोगाचा खरा जमाखर्चच होऊन बसलीं आहेत. १९९५ ते २००२ या काळांतील ऐशीं हजारांहून अधिक माद्यांच्या नोंदी तपासून २००५ सालीं जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यांत असें दिसून आलें कीं, वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत शंभरांत १, आठव्यापर्यंत ६ आणि दहाव्यापर्यंत १३ माद्यांसाठीं स्तनाच्या अर्बुदाबद्दल विम्याची मागणी झाली होती. वय दोन-दोन वर्षांनीं वाढतें आणि आंकडा कसा उड्या मारतो हें पाहण्यासारखें आहे.

ह्या सर्वच गांठी घातक नसतात. साधारणतः निम्म्या सौम्य व निम्म्या घातक, असें पशुवैद्य आजवर सांगत आले आहेत. जातिपरत्वें व देशपरत्वें हें प्रमाण बदलतें. शिवाय एकाच कुत्रीस एकाहून अधिक गांठी असणें हें नित्याचें आहे, आणि त्यांतील एक सौम्य व तिच्या शेजारची घातक असूं शकते. पेन्सिल्व्हानिया विद्यापीठाच्या पशुवैद्यक विद्यालयांतील अभ्यासकांनीं अशा गांठी शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्यावर २००९ सालीं असें मत मांडलें कीं, लहान सौम्य गांठच कालांतरानें घातक रूप धारण करीत असावी. म्हणजे सौम्य आणि घातक ह्या दोन निराळ्या जाति नसून एकाच वाटेवरील दोन मुक्काम असण्याचा संभव आहे. "गांठ लहान आहे, दुखत नाहीं" म्हणून थांबणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें. आमच्या सुश्रुतानें निदानस्थानांत अर्बुदाचें जें वर्णन केलें आहे, त्यांतही तें हळूहळू वाढणारें, खोल मूळ धरणारें, फारसें न दुखणारें व न पिकणारें असेंच सांगितलें आहे. न दुखणें हा त्याचा चांगुलपणा नव्हे, लक्षण होय.

पाणिनीनें श्वन्, युवन् आणि मघवन्, म्हणजे कुत्रा, तरुण व देवांचा राजा इंद्र, यांस एकाच सूत्रांत बांधलें, याबद्दल पंडितांनीं शतकानुशतकें विनोद केला आहे. वास्तविक तिघांचीं रूपें सारखीं चालतात एवढेंच त्यांतील बीज. आधुनिक जीवशास्त्रानें कुत्रीस आणि मानवी स्त्रीस असेंच एका सूत्रांत बांधलें आहे, व तेथेंही कारण रूपसादृश्यच. ताशा नांवाच्या बॉक्सर जातीच्या मादीचा जनुकसंच वाचून तो २००५ सालीं प्रसिद्ध करण्यांत आला. कुत्र्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या व माणसाच्या पेशींत २३. तरी जनुकें बव्हंशीं तींच. स्त्रियांच्या स्तनकर्करोगांत बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जनुकांतील दोष कित्येक कुळांतून वंशपरंपरेनें उतरतो, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. २००९ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियल जातीच्या माद्यांत ह्याच दोन जनुकांचा स्तनाच्या अर्बुदांशीं संबंध दाखविला. कुत्री आपल्याच घरांत राहते, तीच हवा घेते, तेंच पाणी पिते. आयुष्य मात्र तिचें आपल्याहून किती तरी भराभर सरतें. म्हणून स्त्रियांच्या रोगाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही तिच्याकडे डोळे लावून बसले आहेत, आणि स्त्रियांसाठीं शोधलेल्या परीक्षा तिच्यावर करून पाहण्याची हौस सर्वत्र वाढली आहे.

ह्या परीक्षा ज्याच्या आधारें होतात त्यास बायोमार्कर म्हणतात. आपण त्यास रेणुचिन्ह म्हणूं. आमच्यासारख्या तर्कसंग्रह घोकलेल्या माणसास तो शब्द नवा वाटला तरी वस्तु जुनीच वाटते. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असल्याचें आपण अनुमान करतों. धूर हें लिंग, अग्नि हें साध्य. तद्वत् रक्तांतील एखादा पदार्थ हें लिंग आणि आंत दडलेला रोग हें साध्य. लिंग किती विश्वासाचें हें सर्वस्वीं व्याप्तीवर, म्हणजे त्या दोहोंच्या साहचर्याच्या नियमावर, अवलंबून असतें. प्रयोगशाळेच्या झगझगाटांत नेमका हाच प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

लिंगें मात्र शास्त्रज्ञांनीं मोठ्या चातुर्यानें हुडकलीं आहेत यांत शंका नाहीं. त्यांतील सर्वांत जुनीं प्रथिनांचीं. सीईए हें द्रव्य १९६५ सालीं माँट्रियल येथें गोल्ड व फ्रीडमन यांनीं माणसाच्या आंतड्यांच्या अर्बुदांत दाखवून दिलें. सीए १५-३ म्हणजे स्तनाच्या पेशींच्या पृष्ठभागावरील एका शर्करायुक्त प्रथिनाचा रक्तांत सुटलेला अंश. दुसरें लिंग डीएनएचें. पेशी मरतात तेव्हां त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तांत वाहूं लागतात. रक्तांतील हा मोकळा डीएनए मांदेल व मेतै या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९४८ सालींच पाहून ठेविला होता, परंतु त्यांतून अर्बुदाचेच तुकडे निवडून काढण्याची विद्या साध्य होण्यास कित्येक दशकें जावीं लागलीं. अगदीं अलीकडील लिंग सूक्ष्म-आरएनएचें. हे सुमारें बावीस अक्षरांचे चिमुकले रेणु असून, कोणत्या जनुकानें केव्हां गप्प बसावें हें ठरविण्यांत त्यांचा हात असतो. अँब्रोस व रव्हकन यांनीं १९९३ सालीं ते उजेडांत आणले, आणि त्याबद्दल २०२४ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. अर्बुदाच्या पेशी हे रेणु अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून रक्तांत सोडतात, व तेथें ते बरेच टिकतात. १८८६ सालीं स्थापन झालेल्या आपल्या मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयांतील संशोधकांनींही सीईए, सीए १५-३ आणि सूक्ष्म-आरएनए यांची कुत्र्यांच्या स्तनाच्या अर्बुदांतील चिन्हें म्हणून पारख करणारा निबंध २०२१ सालीं प्रसिद्ध केला आहे, ही आपल्याकडील वाचकांस समाधान देणारी गोष्ट होय.

आतां व्याप्तीकडे वळूं. धुकें किंवा धूळ पाहून धूर म्हणणें हा अनुमानांतील पहिला घोटाळा. सीए १५-३ चें मूळ प्रथिन निरोगी पेशीही बनवितात. कोठें दाह झाला, सूज आली, तरी अशा द्रव्यांचें प्रमाण वर जाऊं शकतें. त्यांतून ह्या द्रव्यांच्या परीक्षेचीं साधनें बहुतेक माणसांसाठीं घडविलेलीं. माणसाच्या कुलपाची किल्ली कुत्र्याच्या कुलपांत बसतेच असें नाहीं, आणि बसल्यासारखी वाटली तरी ती भलतेंच कुलूप उघडीत नसेल कशावरून? एचईआर-२ या चिन्हाच्या बाबतींत हा वाद विद्वानांत चांगलाच पेटला आहे. स्त्रियांच्या कांहीं अर्बुदांत तें फार वाढलेलें असतें व त्यावर स्वतंत्र औषधही आहे. कुत्र्यांतही तें वाढलेलें असल्याचे अनेक निबंध निघाले. मागाहून दुसऱ्या संशोधकांनीं दाखविलें कीं, तपासणीचें द्रव्य तेंच प्रथिन नेमकें ओळखतें कीं काय हेंच संशयास्पद आहे.

दुसरा घोटाळा याच्या उलट. धूर नाहीं म्हणून अग्निही नाहीं असें म्हणतां येत नाहीं. नैयायिकांनीं यासाठीं अयोगोलकाचा, म्हणजे तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचा, दृष्टांत दिला आहे: त्यांत अग्नि आहे, धूर मात्र नाहीं. हरभऱ्याएवढी गांठ हें असेंच अयोगोलक होय. तिच्यांतून रक्तांत उतरणारें द्रव्य इतकें अल्प असतें कीं, शरीरभरच्या रक्तांत तें हरवून जातें. गांठ मोठी होऊन पसरली म्हणजे धूर दिसूं लागतो खरा, पण तोंवर घर पेटलेलें असतें.

जन्मभर फळ्यावर गणितें घातल्याची आमची खोड जात नाहीं, म्हणून एक गणित घालतों. आंकडे केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. वरून निरोगी दिसणाऱ्या १००० कुत्र्या घ्या. त्यांपैकीं २० जणींस खरोखर रोग आहे. परीक्षा अशी कीं, ती रोगी वीसांपैकीं १५ पकडते आणि निरोगी शंभरांपैकीं फक्त ५ जणींस चुकून रोगी ठरविते. ऐकावयास परीक्षा उत्तम वाटते. पण निरोगी ९८० आहेत, तेव्हां त्यांतील ४९ उगीच गोवल्या जातील. एकूण ६४ घरीं "रोग आहे" असा कागद जाईल. त्यांतील ४९ घरांत निष्कारण रडारड, क्ष-किरण, पैशाचा चुराडा. आणि दुसरीकडे ५ घरांत रोग असतां "निर्दोष" म्हणून पेढे वाटले जातील. माणसांच्या वैद्यकांतही सीए १५-३ ही परीक्षा निरोगी स्त्रियांत रोग हुडकण्यासाठीं वापरीत नाहींत. ज्ञात रोग उपचारानें हटतो कीं वाढतो हें पाहण्यासाठीं वापरतात, याचें कारण हेंच.

अमेरिकेंत ऑन्को-के-नाइन नांवाची डीएनएवर आधारलेली परीक्षा २०२१ सालीं बाजारांत आली होती. अनेक प्रकारचे कर्करोग एकाच रक्तांतून ओळखण्याचा तिचा हेतु. २०२२ सालीं सुमारें हजार-अकराशें कुत्र्यांवरील तिचा निकाल प्रसिद्ध झाला: निरोगी शंभरांपैकीं जवळजवळ ९८ जणांस तिनें बरोबर निरोगी म्हटलें, पण रोगी शंभरांपैकीं ५५ च्या आसपासच पकडले, आणि लहान, एका जागीं असलेलीं अर्बुदें त्यांत पुष्कळ निसटलीं. पुढें २०२४ सालीं ती परीक्षा बंदही झाली. ह्या सर्वच विद्येस आम्ही नांवें ठेवीत आहों असें मात्र कोणी समजूं नये. कुत्र्याच्या मूत्राशयाच्या कर्करोगांत बीआरएएफ या जनुकाचा एक ठराविक फेरबदल बहुसंख्य रोग्यांत आढळतो, हें २०१५ सालीं सिद्ध झालें, व आज तो लघवींतूनच तपासतां येतो. तेथें व्याप्ति बळकट आहे, आणि अर्बुदाच्या पेशी थेट लघवींत गळतात. स्तनाच्या अर्बुदांस असें एकच एक ठळक चिन्ह अद्याप लाभलेलें नाहीं.

याचा परिणाम घरांत काय होतो तें आम्हीं जवळून पाहिलें आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत लॅब्रॅडॉर कुत्री होती. गांठ वाटाण्याएवढी असतांना मुलानें कोठूनशी रक्तपरीक्षा करवून आणली. ती निर्दोष आली. कागद कपाटांत नीट घडी करून ठेवला गेला, आणि त्या कागदाच्या भरंवशावर आठ महिने कोणीं कुत्रीच्या पोटावर हात फिरविला नाहीं. गांठ लिंबाएवढी होऊन फुटली तेव्हां डॉक्टरांनीं छातीचें क्ष-किरण चित्र घेतलें. फुप्फुसांत डाग होते. दिवाळीच्या आंत कुत्री गेली. त्या कागदांत खोटें कांहीं नव्हतें. अग्नि होता, धूर निघाला नव्हता, एवढेंच. त्या घरांतील वृद्ध बाई अजूनही दुपारीं तिचें पाण्याचें भांडें भरून ठेवतात व मग आठवण होऊन रिकामें करतात.

मग रेणुचिन्हांचा उपयोग कोणता? आमच्या मतें त्यांची खरी जागा गांठ काढल्यानंतरची आहे. शोधाचें काम बोटांचें. स्वभाव ओळखण्याचें काम चिन्हांचें. काढलेली गांठ सूक्ष्मदर्शकाखालीं तपासली म्हणजे ती घातक कीं सौम्य, व घातक असल्यास कोणत्या श्रेणीची, हें कळतें. त्यापुढें जाऊन की-६७ नांवाचें प्रथिन पाहतात. पेशी विभागण्याच्या उद्योगांत असते तेव्हांच तें तिच्यांत दिसतें, म्हणून शंभर पेशींत तें किती जणींत आहे यावरून गांठीचा वेग कळतो. (हें नांव मोठें गमतीचें. जर्मनींतील कील शहरीं १९८३ सालीं तें प्रथम वर्णिलें गेलें. "की" हें त्या गांवाचें आद्याक्षर आणि ६७ हा तबकडीतील ज्या खळग्यांत तें सांपडलें त्याचा अनुक्रम. आमच्या व्याकरणांतील संज्ञा याहून फारशा सार्थ असतात असें नाहीं.) दुसरें चिन्ह इस्ट्रोजेन संप्रेरकाच्या ग्राहकाचें. गांठ जसजशी घातक होत जाते तसतसें तें बहुधा नाहींसें होत जातें. तें शिल्लक असणें हें त्या मानानें बरें लक्षण. नॉर्वेंतील संशोधकांनीं २०१६ सालीं साठ कुत्र्यांवर केलेला प्रयोग येथें सांगण्यासारखा आहे. अर्बुद काढतांनाच अंडाशयेंही काढलीं तर आयुष्य वाढतें काय, हा प्रश्न होता. सरसकट सर्वांस लाभ झाल्याचें दिसलें नाहीं. परंतु ज्यांच्या गांठींत हा ग्राहक होता व श्रेणी मध्यम होती, त्यांस लाभ झाल्याचें दिसलें. येथें चिन्हानें नुसती भीति किंवा दिलासा दिला नाहीं, तर शस्त्र कोठें चालवावें हें सांगितलें.

प्रतिबंधाविषयीं थोडेंच लिहितों, कारण त्यावर वाद आहे. कॅलिफोर्नियांतील तिघा संशोधकांनीं १९६९ सालीं असें दाखविलें कीं, अंडाशयें न काढलेल्या मादीचा धोका १०० धरला, तर पहिल्या ऋतूपूर्वीं काढल्यास तो अर्धाच राहतो, पहिल्या ऋतूनंतर काढल्यास ८ व दुसऱ्यानंतर २६. २०१२ सालीं लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजांतील अभ्यासकांनीं सर्व पुरावा चाळून तो म्हणावा तितका भक्कम नसल्याचा निर्वाळा दिला. शिवाय कांहीं मोठ्या जातींत फार लवकर केलेल्या शस्त्रक्रियेनें सांध्यांचे विकार वाढतात असेंही दिसून आलें आहे. तेव्हां काळवेळ पशुवैद्यानेंच ठरवावी. मात्र कुत्री माजावर येऊं नये म्हणून संप्रेरकाचीं इंजेक्शनें वारंवार देण्याची चाल सर्वथा वर्ज्य समजावी. तीं ह्या गांठींस खतपाणीच घालतात.

राहिला प्रश्न काय करावें याचा. महिन्यांतून एकदां कुत्रीस उताणी निजवून, काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही ओळींवरून बोटांच्या पेरांनीं कातडी हलकेच चाळून पाहावी. नव्याण्णव कुत्र्यांस तो लाड वाटतो. शंभरावी चावते, तिच्यासाठीं डॉक्टर आहेत. गांठ लागल्यास तिचें माप फूटपट्टीनें घेऊन तारखेसह लिहावें, व मापाची वाढ पाहत न बसतां त्याच आठवड्यांत दाखवावी. तीन सेंटीमीटरांच्या आंतली घातक गांठ व पांच सेंटीमीटरांवरची घातक गांठ यांच्या भवितव्यांत फार अंतर पडतें. डॉक्टर बारीक सुईनें पेशी काढून पाहतील, फुप्फुसांचें क्ष-किरण चित्र घेतील. तें घेऊं द्यावें, खर्चाकडे पाहून टाळूं नये. स्तनाचा मोठा भाग एकाएकीं लाल, गरम व सुजलेला झाल्यास तो दुधाचा दाह समजून घरीं शेकत बसूं नये. ह्या रोगाचा एक अत्यंत वाईट प्रकार नेमका ह्याच वेषांत येतो. आणि शस्त्रक्रिया ठरल्यावर डॉक्टरांस आधींच सांगून ठेवावें कीं, काढलेली प्रत्येक गांठ, ती कितीही लहान असो, फेंकूं नये. कोणत्या सडाजवळची तें लिहून, निराळ्या बाटलींत, तिच्या दहा पट फॉर्मॅलिनमध्यें बुडवून तपासणीस पाठवावी.